बाई न चढलेली होडी

बाई कोणाच्या हातातलं काम काढून घेत नसत. पोरगं चुकत असलं तरी दोन्ही हात पाठीमागे धरून उभ्या राहायच्या. मला राग यायचा. शिकवायला आलात ना, मग करून दाखवा की.

बाई कॉलेजात शिकवायच्या; मे महिन्यात तिथली मुलं घेऊन आमच्या देवबागला यायच्या. कोणी दलित वस्तीतलं, कोणी धनगरवाड्यावरचं, कोणी आमच्यासारख्या मासेमाऱ्याच्या घरचं. सुट्टीभर खाडीवर संशोधन करायचं आणि शेवटी काय सापडलं ते मोठ्या लोकांसमोर सांगायचं. एका वर्षी त्यांच्यात माझी नात सायली होती. बाई म्हणायच्या, "तुला काय शोधायचंय, असं मला कधी कोणी विचारलं नाही. म्हणून मी विचारते."

सायलीला शोधायचं होतं, खाडीतली कालवं, ती खडकाला चिकटलेली शिंपली, कमी का झाली. त्यासाठी खाडीच्या मुखाजवळचं पाणी हवं होतं. होडी माझी, आणि आमच्या होडीवर बाईमाणूस चढत नाही. तसं मी तोंडावर सांगितलं. बाई वाद घालत बसल्या नाहीत. पाणी तुम्ही आणा म्हणाल्या, पण सायली सांगेल तसं.

मी आणलं. तापू नये म्हणून बाटली बांगडे मासे ठेवलेल्या बर्फात ठेवली होती. झाकण सैल राहिलं. बाईंनी वास घेतला आणि बाटली सायलीच्या हातात दिली. चालेल की नाही, तू ठरव.

"आजोबा, ह्या चलाचा नाय. माशाचा पाणी गेला ह्याच्यात," असं म्हणून पोरीने ते वाळूत ओतलं. तिचे डोळे भरले होते. मी तरातरा घरी आलो. तिसरीपर्यंत शिकलेला असलो तरी आजवर कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं.

संध्याकाळी बाई आमच्या खळ्यात, दारापुढच्या अंगणात आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"काका, विनवायला आले नाही. पाणी मिळालं नाही, एवढंच ती सगळ्यांसमोर सांगेल. तेव्हा तुम्ही पुढच्या रांगेत बसा."

सकाळी होडी पाण्यात लोटली आणि सायलीला म्हटलं, "चड गो बाय." मग बाईंपुढेही हात केला. त्या गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. "काम तिचं आहे," म्हणाल्या. मुखाशी सायलीने स्वतः बाटली भरली.

वाडीतले मागे लागले, नारळ फोडून होडी शुद्ध करून घे. मी विचारलं, "काय झाला होडीक?" नारळ अजून फोडलेला नाही.

सायली आता गोव्यात समुद्राचंच शिकते. बाई आजारपणात गेल्या, तेही तिनेच फोनवर सांगितलं. त्या दिवशी मी होडी घेऊन एकटाच खाडीच्या मुखापर्यंत जाऊन आलो. बाईंनी एकदा तरी होडीत बसायला हवं होतं.