सेमच आहे

आमच्या धंद्यातल्या एका शब्दाचा मला मनापासून तिटकारा आहे. ‘सेम’. मागितलेली गोळी दुकानात नसली की काउंटरवर दुसरीच स्ट्रिप सरकवायची आणि म्हणायचं, “सेमच आहे, कंपनी वेगळी.” कुठे बघितलं, कशात वाचलं, कुणाला विचारलं, त्याचा पत्ता नाही. रत्नागिरीत एसटी स्टँडजवळच्या औषधांच्या दुकानात मी बावीस वर्षं फार्मासिस्ट म्हणून उभी आहे आणि हा शब्द ऐकला की अजूनही माझं डोकं उठतं.

आमचे मालक फार्मासिस्ट नाहीत. माझं सर्टिफिकेट भिंतीवर गणपतीच्या तसबिरीशेजारी टांगलंय, त्यावर दुकान चालतं. त्यांना एखाद्या औषधाची माहिती हवी झाली की ते होलसेलवाल्याला फोन लावतात. होलसेलवाला गोदामातल्या माणसाला विचारतो आणि गोदामातला माणूस खोक्याचा रंग सांगतो. झाली माहिती.

दुसरे ज्ञानी म्हणजे कंपन्यांचे एमआर, औषधं खपवत फिरणारे प्रतिनिधी. भर मे महिन्यात अंगाचं पाणी पाणी होत असताना हे गळ्यात टाय बांधून येतात आणि चकचकीत कागद पुढ्यात पसरतात. त्या कागदावर एक आलेख असतो, तो कायम वरच चढतो. एकाला मी विचारलं, किडनीच्या पेशंटला डोस कमी करायचा का? तो म्हणाला, “मॅडम, रिझल्ट एकदम बेस्ट आहे.” मी पुन्हा विचारलं. तर त्याने मला पेन दिलं.

दुकानदारांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तर विचारूच नका. सकाळी फुलांसकट सुप्रभात. दुपारी कुणीतरी स्ट्रिपचा धूसर फोटो टाकतो, ‘हे कशावर चालतं?’ सहा जण सहा उत्तरं देतात आणि सातवा नुसता अंगठा टाकतो. त्यातल्या त्यात तो सातवाच मला प्रामाणिक वाटतो.

गिऱ्हाइकंही काही कमी नाहीत. एक निवृत्त मास्तर गुहागरकडून फेरीबोटीने खाडी ओलांडून येतात ते नेटवरची पानं प्रिंट करूनच. महत्त्वाचं पिवळ्या रंगाने रंगवलेलं असतं. एकदा ते पिवळं मी नीट वाचलं, तर कुठल्याशा परदेशी बाईने आपल्या मांजराला दिलेल्या औषधाची हकिगत निघाली. मास्तरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, “घटक तर तोच आहे ना?” म्हणजे सेम.

मी या सगळ्यांतली नाही, असं मी स्वतःला रोज सांगत असे. माझ्या खणात औषधांची सूची होती, चांगली उशीएवढी जाड. कुठल्याही गोळीचं बाजारातलं नाव काढा, तिच्यात काय आहे आणि किती आहे ते त्यात सापडायचं. शाळेच्या पुस्तकाला घालावं तसं तिला मी ब्राउन पेपरचं कव्हर घातलं होतं. या सूचीचे नवे अंक दर काही महिन्यांनी निघतात, पण ते घेणं मी कधीच सोडलं होतं. निम्मं पुस्तक जाहिरातींचं, कशाला घ्यायचं? माझी जुनी प्रत माझ्या बोटांना पाठ होती. कुणी ‘सेमच आहे’ म्हणालं की मी खण उघडायचे, पान काढायचे आणि समोरच्याचं तोंड बंद करायचे. त्यात मला सुख होतं, खोटं कशाला बोलू?

गणपती आटोपून चाकरमानी मुंबईला परतले की मागे गावोगाव ताप उरतो. गेल्या वर्षी त्याच दिवसांत, सकाळच्या ऐन गर्दीत, जयगडच्या वाटेवरच्या एका गावातली म्हातारी काउंटरशी आली. अंगात ताप होता, डोळे लाल झाले होते. मुंबईच्या मुलाने फोनवर सांगितलेलं गोळीचं नाव तिने पाठ करून आणलं होतं. ते सांगण्याआधी तिने कनवटीच्या पिशवीतून एक कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. डॉक्टरच्या चिठ्ठीचा तुकडा होता, झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेतलेला. त्यावर इंग्रजीत, ठळक अक्षरांत एकच शब्द होता: डायक्लोफेनॅक.

“बाय, मना ह्या औषिद चालत नाय,” ती म्हणाली. “दोन वर्सांमागं कंबरेसाठी सुई दिल्यानी, तर त्वांड सुजला, गळा बंद झाला. डाक्टर बोलला, परत घेतलंस तर वाचायची नाय.”

“माहीत आहे मला,” मी म्हणाले. वेदनाशामक आहे, काहींना सोसत नाही, हे मला तिच्याकडून शिकायचं नव्हतं. तिच्या मुलाने सांगितलेली गोळी साधी तापाची, वर्षानुवर्षं माझ्या हातांनी दिलेली. स्ट्रिप काढून दिली.

ती स्ट्रिप उलटीपालटी करत म्हणाली, “ही तीच काय? मागची निळी व्हती.”

ही हिरवी होती. मागे सात-आठ माणसं खोळंबली होती आणि मला चेव आला. मी खण उघडला, सूची काढली, पान उघडून तिच्यासमोर धरलं आणि त्या नावावर बोट ठेवलं. “हे बघा आजी. पॅरासिटामॉल. फक्त पॅरासिटामॉल. कंपन्या रंग बदलतात. सेमच आहे.”

होय, मीच म्हणाले.

तिने पुस्तकाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बाजूच्या बाकावर बसली, चष्मा लावला आणि मांडीवर एका बाजूला कार्ड आणि दुसऱ्या बाजूला स्ट्रिप ठेवली. मराठी चौथीपर्यंत शिकलेली बाई, इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. नखाने ती कार्डावरचं एक अक्षर धरायची आणि तसलंच अक्षर स्ट्रिपवर शोधायची. पोट आलेलं पहिलं. मग उभी काठी. मग उघडं कडं. मला हसू आलं. रांगेतल्या एकाला मी डोळ्यांनी खूणही केली, की बघा, काय चाललंय म्हातारीचं.

बऱ्याच वेळाने ती उठून काउंटरशी आली. “बाय, ह्येच्यात ता नाव हाय.”

“नसणार,” असं म्हणतच मी स्ट्रिप हातात घेतली. वर तेच जुनं ठळक नाव होतं. खाली बारीक अक्षरांत पॅरासिटामॉल. आणि त्याच्या खाली, त्याहून बारीक अक्षरांत, डायक्लोफेनॅक.

कंपनीने नाव तेच ठेवलं होतं आणि आतलं औषध बदललं होतं. असं करतात, मला चांगलं माहीत होतं. ग्रुपवर मीच कितीदा त्यांच्या नावाने बोटं मोडली होती. ब्राउन पेपर फाडून पाहिलं तर माझा अंक चार वर्षं जुना निघाला. ती नखाने अक्षरं लावत बसली नसती, तर घरी जाऊन दोन गोळ्या घेऊन पडली असती, आणि तिच्या गावातून वेळेवर गाडी कुठली मिळायला? शरमेने मला तिच्याकडे बघवेना.

मी बडबडायला लागले. कंपन्या कशा हलकट आहेत, एकाच नावाखाली काहीही विकतात, यांना कुणी विचारणारं नाही, पुस्तकात वेगळं आणि पाकिटावर वेगळं.

माझं संपल्यावर तिने विचारलं, “बाय, तुमाला विंग्रजी वाचता येता ना?”

“येतं.”

“मग तुमी त्या म्होट्या बुकात कशाला बगितलात? हितं लिवलाय ना.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

मी दुसरी, साधी स्ट्रिप काढली. मागचा पुढचा मजकूर वाचला, परत वाचला आणि तिला दिली. “यात नाही,” म्हणाले. तिने मान हलवली आणि माझ्या शब्दावर काडीचाही विश्वास न ठेवता पुन्हा बाकावर जाऊन बसली.

रांगेतला तोच मघाचा माणूस कंटाळून म्हणाला, “अहो मॅडम, सेमच असणार. आमचं द्या की.”

“गप्प उभे राहा,” मी त्याच्यावर खेकसले.

म्हातारीचं नख अजून तिसऱ्या अक्षरावर होतं.