बावीस वर्षांनी बहिणीच्या दारात

शिंप्याने धाकट्या बहिणीचं नाव टाकलं त्याला बावीस वर्षं झाली होती. होड्या बांधणाऱ्या परभाषिक सुताराशी तिने लग्न केलं, तेव्हा वडील म्हणाले, "आपल्याला ती मेली." याने मान डोलावली. पण वडील गेले आणि त्याला घर खायला उठलं. शेवटी रस्ता संपेपर्यंत बसने आणि पुढे लाँचने तो तिच्या गावी पोचला.

धक्क्याजवळ पत्र्याच्या शेडखाली बायका जाळी सांधत बसल्या होत्या. चार भाषांमधून एकमेकींची उणीदुणी काढत होत्या, आणि सगळ्यांना सगळं कळत होतं. एका म्हातारीने याचं बोलणं पुरतं ऐकलंही नाही; तिने त्याचं बहिणीसारखं नाक निरखलं, खुदकन हसली आणि हाताला धरून त्याला बहिणीसमोर उभं केलं. ती म्हातारी बहिणीची सासू होती.

बहिणीने जाळं बाजूला सारलं. "या. कधी आलात?"

पाठीत बुक्क्या घालून 'ए दाद्या' म्हणणारी ही! पाव्हण्यासारखा तो घरात टेकला. चहा झाला.

"मुलं किती?" त्याने विचारलं.

"मुलगा होडीवर जातो. मुलगी सहाव्या वर्षी तापाने गेली. तेव्हा तुम्हाला निरोप धाडला होता."

"मिळाला होता. वडिलांपुढे तोंड उघडायचा धीर झाला नाही."

तिने रिकामे कप उचलून बाजूला ठेवले. "महिनाभर मी अंथरुणातून उठले नाही. सासूबाई शेजारी बसून असायच्या. तेव्हा आम्हाला एकमेकींचं बोलणं अजून धड कळत नव्हतं."

"चार दिवस घरी चल."

"संध्याकाळच्या आत जाळं द्यायचंय," ती म्हणाली आणि उठली.

धक्क्यापर्यंत सासूच सोडायला आली. वाटभर पोटतिडकीने बोलत होती. हा मान हलवत राहिला. लाँच सुटल्यावर, धक्क्यावर तिचं बोलणं ऐकलेला तिकीटवाला म्हणाला, "कळलं का काही? म्हातारी म्हणत होती, पोरीने तुमची वाट बघणं महामुश्किलीनं सोडलंय. येणार असाल तर येत राहा. नाहीतर पुन्हा तोंड दाखवू नका."

तो वर्षातून दोनदा जाऊ लागला. शेडखाली बसून जाळी सांधायलाही शिकला. त्याचे शिवणाचे बारीक टाके बघून बायका पोट धरून हसायच्या. बहीणही हसायची. पण भाची दिसायला कशी होती, हे विचारायला त्याची जीभ कधी रेटली नाही. घरात तिचा एकही फोटो नव्हता.