सुगंधाच्या कपाळावरचा वण

सुगंधाच्या कपाळावर, उजव्या भुवईच्या जरा वर, तांदळाच्या दाण्याएवढा एक खळगा आहे. मी आमच्या खाडीकाठच्या शाळेत शिकवते आणि गेली सोळा वर्षं ती तिथे मुलांची खिचडी शिजवते. या सोळा वर्षांत तो खळगा तिने मला किती वेळा दाखवला असेल, सांगता येणार नाही. वाडीत कुणाच्या पोराला कांजिण्या आल्या की ती पदराने कपाळ पुसायची आणि त्या खळग्यावर बोट ठेवून म्हणायची, ‘‘माका पाचव्या वर्षी देवी इल्ली. ही बघा तिची खूण.’’

आमच्याकडे कांजिण्यांना अजूनही आजार म्हणत नाहीत. देवी येते, घरात बसते आणि मानपान झाला की जाते. ती असेपर्यंत घरात फोडणी नाही, मासळी नाही, केसांना फणी नाही. फोड वाळून खपल्या धरल्या की कडूनिंबाचा पाला घालून पाणी तापवतात, मुलाला न्हाऊ घालतात, दहीभात दाखवतात आणि देवीला वाटेला लावतात. ही आंघोळ घालायला बाई लागते ती जिला देवी एकदा येऊन गेली आहे अशी. आमच्या वाडीत ती बाई म्हणजे सुगंधा. खिचडीचं पातेलं उतरवून, हात धुऊन ती कुणाकुणाच्या न्हाणीत जाऊन बसायची. मला या प्रकाराचा राग यायचा. मी पालकसभेत डॉक्टरकडे जा म्हणून घसा कोरडा करायची आणि सभा संपल्यावर तेच पालक सुगंधाला आमंत्रण द्यायचे. एकदा मी तिला टाकून बोलले तेव्हा ती हसून म्हणाली, ‘‘बाई, डाक्टर औषध दितलो. पण न्हाऊ कोण घालतलो?’’

तिचा नवरा वारून अकरा वर्षं झाली. पदरात एकच मुलगी, नम्रता. ती कसालला दिली होती, जावई दीपेश तिथेच गॅरेज चालवतो. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. तेव्हा सुगंधा शाळेत येऊन चुलीपाशी बसायची आणि धूर नसतानाही डोळे पुसायची. तिसऱ्या खेपेला सातवा महिना सुखरूप पार पडला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून गेल्या वर्षी जानेवारीत नम्रता आईकडे आली. सुगंधाने आधीच सगळी तयारी करून ठेवली होती. जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांचा ढीग होता. नारळाचं दूध आटवून काढलेलं आवेल तेल बाटलीत भरून ठेवलं होतं. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना टेकायला बरं म्हणून न्हाणीत भिंतीलगत एक सपाट दगड बसवून घेतला होता. तो दगड तिने मला हाताला धरून नेऊन दाखवला. त्या दगडावर बसून, पाय पसरून, हवेतच बाळाला उलथंपालथं करत तिने मला आंघोळ घालून दाखवली. मी खूप हसले.

जानेवारी संपता संपता आमच्या पहिलीतल्या रियाला ताप भरला आणि अंगावर फोड आले. तिची आई दीपिका घरात एकटी, कडेवर पाच महिन्यांचं तान्हं, नवरा जहाजावर. ती घाबरून शाळेच्या फाटकाशी रडत उभी राहिली. आता जे सांगते ते मला आयुष्यभर पुरणार आहे. सुगंधाला रियाकडे मी पाठवलं. मी म्हणाले, ‘‘जा गं, दोन दिवस दुपारचं बघून ये. तुला काय होणार आहे?’’ पाठवण्याआधी मी एवढं मात्र विचारलं, की नम्रताला कांजिण्या येऊन गेल्या आहेत का. तिला येऊन गेल्या नव्हत्या. सुगंधा म्हणाली, ‘‘तिका नाय. पण माझ्या आंगात शिरूकच येवची नाय, मगे माझ्याकडसून तिका कशी जातली?’’ आणि तिने कपाळावर बोट ठेवलं. मी विज्ञान शिकवते. बोलणं बरोबर होतं. एकदा येऊन गेलेल्याला सहसा पुन्हा येत नाहीत, हे मीच मुलांना फळ्यावर लिहून देते. मी तो खळगा बघितला आणि मान डोलावली.

दोन दुपारी ती रियाला मांडीवर घेऊन बसली. तापलेलं अंग ओल्या फडक्याने पुसलं, खाजवणारे हात धरून ठेवले. याआधी ती नेहमी खपल्या धरल्यावरच जायची. ताज्या फोडांपाशी ती पहिल्यांदाच बसली होती.

पंधरा दिवसांनी तिची कंबर धरली. पातेलं उचललं असेल वाकडं, असं तिलाही वाटलं आणि मलाही. मग बारीक ताप आला. ती पॅरासिटामॉल घेऊन खिचडी करत राहिली आणि घरी गेल्यावर नम्रताच्या पायांना तेल चोळत राहिली. मायलेकी एकाच मच्छरदाणीत झोपायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी नम्रताच तिच्या मानेवरचे केस बाजूला करून म्हणाली, ‘‘आये, ह्या काय गो?’’ पाण्याने भरलेला, टाचणीच्या डोक्याएवढा एक फोड होता. दुपारपर्यंत पाठ भरली.

मालवणातल्या डॉक्टरीणबाईंनी सुगंधाकडे एकदा बघितलं आणि बाहेर बाकावर बसलेल्या नम्रताकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘‘फोड दिसायच्या दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला लागण होते. मुलीला झाली असणार असंच धरून चला. दहा ते एकवीस दिवसांत कळेल. मोठ्या माणसाला जड जातात, गरोदरपणात आणखी जड. आणि नेमक्या बाळंतपणाच्या आसपास उठल्या तर बाळाला आईकडून काहीच बळ मिळत नाही.’’ नम्रताची तारीख बरोबर अठरा दिवसांवर होती. औषधं सुरू झाली, जे करण्यासारखं होतं ते त्यांनी सगळं केलं. दीपेश त्याच संध्याकाळी गाडी घेऊन आला आणि नम्रताला कसालला घेऊन गेला. ती गाडीत बसता बसता आईला लांबूनच म्हणाली, ‘‘तुका तर येवन गेल्ली मां? मगे परत कशी इली?’’

सुगंधा दारात उभी होती, अंग पेटल्यासारखं लाल, आणि हात वर करून मुलीला टाटा करायचंही तिला सुचलं नाही.

मला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात, डॉक्टरांच्या कागदावर आहे, म्हणून तिच्याकडे मी राहिले. पन्नाशीच्या अंगावर त्या किती निर्दयपणे येतात ते मी बघितलं. तोंडात फोड, पापण्यांवर फोड. तिला गिळता येत नव्हतं, कूस बदलता येत नव्हती. पण ती अंगाबद्दल एक अक्षर बोलली नाही. तिचं एकच चाललं होतं, ‘‘परत कशी इली?’’ चौथ्या दिवशी ताप जरा उतरला तेव्हा ती म्हणाली, ‘‘बाई, माझ्या बहिणीक फोन लावा.’’

बहीण काशीबाई नांदगावला असते, हिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. मी फोन स्पीकरवर ठेवून तिच्या उशाशी धरला.

‘‘काशी, आपणा दोघींक देवी इल्ली मां गो ल्हान असताना?’’

‘‘दोघींक खंय? माका इल्ली. तुका आवशीन मामाकडे धाडल्यान. माझी देवी उतारली तेवा परत हाडल्यान.’’

‘‘पण माका न्हाऊ घातलेला आठावता. निंबाचा पाणी, दहीभात, नवो झगो.’’

‘‘ता दोघींक घातल्यान. एकीक घातला नि दुसरी तशीच रवली तर देवी रुसात म्हणान. तू त्या झग्यासाठी नाचत होतंस.’’

सुगंधाने डोळे मिटले. मग हळूच विचारलं, ‘‘आणि माझ्या कपाळारचो वण?’’

तिकडे काशीबाई खळखळून हसली. तिला बिचारीला इकडचं काही ठाऊक नव्हतं. ‘‘तो गो? मामाच्या कोंबड्यान चोच मारल्यान. तू तेचा शेपूट वडलंस म्हणान.’’

मी फोन बंद केला. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिने उजवा हात उचलला, फोडांनी भरलेलं बोट त्या खळग्यावर ठेवलं आणि तसंच ठेवून पडून राहिली. पंचेचाळीस वर्षं तिला आंघोळ आठवत होती, आणि ताप आठवत नव्हता. ताप का आठवत नाही, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही, आणि मला तर विचारायचाच पगार मिळतो.

‘‘बाई, ह्या नम्रताक सांगतलंय मी,’’ ती म्हणाली. मी नको म्हणाले. आता सांगून काय उपयोग, ती आधीच धास्तावलेली, बाळंत होऊ दे, मग सांग. पण ही बाई खोटं पचवू शकत नाही. तिने त्याच संध्याकाळी फोन केला आणि मामाच्या कोंबड्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. पलीकडून नम्रता म्हणाली, ‘‘बरा. ठेवतंय,’’ आणि फोन ठेवला.

पुढचे दिवस आम्ही दोघी दिवस मोजत बसलो. दहावा गेला. अकरावा गेला. सुगंधाचे फोड वाळायला लागले. बारावा दिवस गेला तेव्हा तिने मला पहिल्यांदा पेज मागितली. तेराव्या दिवशी सकाळी दीपेशचा फोन आला, नम्रताच्या पोटावर आणि छातीवर फोड उठले होते. पंधराव्या दिवशी कळा सुरू झाल्या. डॉक्टर थांबवायला बघत होते, पण थांबल्या नाहीत. मुलगी झाली. अडीच किलोची, आवाज खणखणीत. दीपेश फोनवर हे सांगताना हसला आणि हसता हसता त्याला हुंदका आला.

सुगंधाच्या खपल्या तोवर पडल्या होत्या. तिच्यापासून आता कुणाला धोका नाही, असं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं. तो कागद घेऊन ती एसटीने इस्पितळात गेली. नम्रता खोलीत एकटी होती आणि बाळ काचेच्या पेटीत वेगळं. नम्रताने आईला दारात बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. बाळाच्या खोलीत कुणालाच सोडत नव्हते. सुगंधा संध्याकाळपर्यंत जिन्यात बसली आणि शेवटच्या गाडीने परत आली. नवव्या दिवशी बाळाच्या अंगावर पहिला फोड दिसला. पुढे दुखणं फुप्फुसात उतरलं. बाळाला गोव्याला नेलं. बाराव्या दिवशी ते गेलं. नावही ठेवलं नव्हतं. पेटीवर नुसतं ‘नम्रताची मुलगी’ असं लिहिलेलं होतं.

नम्रता बरी झाली, पण माहेरी आली नाही. सुगंधा दर रविवारी फोन करते. दीपेश उचलतो, सगळं ठीक आहे म्हणतो आणि ठेवतो. सुगंधा पूर्वीसारखीच खिचडी शिजवते, मीठ कधी विसरते, कधी दोनदा घालते. मुलं तक्रार करत नाहीत, त्यांच्या आयांनी त्यांना बजावलं असावं. तिच्या चेहऱ्यावर आता वीसेक वण आहेत, त्यांत तो जुना कुठला ते मलाही ओळखता येत नाही.

या फेब्रुवारीत पुन्हा साथ आली. मधल्या सुट्टीत दीपिका स्वयंपाकाच्या शेडपाशी येऊन उभी राहिली. रियाच्या धाकट्या भावाला, गेल्या वर्षी सुटलेल्या त्या तान्ह्याला, कांजिण्या आल्या होत्या, आता खपल्या धरल्या होत्या. ती चाचरत म्हणाली, ‘‘काकी, उद्या तेका न्हाऊ घालूक येशात? आता तर तुमका खरीच येवन गेलीहा.’’

माझं डोकंच फिरलं. हातातली वही मी आपटली आणि तिला नाही नाही ते बोलले. लाज कशी वाटत नाही, तुझ्या पोरीपायी या बाईच्या घराचं काय झालं ते बघितलंस ना, चालती हो इथून. दीपिका रडायला लागली. मला ठाऊक होतं की मी तिला बोलत नव्हते, स्वतःला बोलत होते. म्हणून मी आणखी मोठ्याने ओरडले.

सुगंधाने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि उठली. ‘‘बाई, तिका कित्याक रागावतास? तिची पोरां जगली, ता बरा झाला.’’ मग दीपिकाकडे वळून म्हणाली, ‘‘तू घरी जा. पाला हाडून ठेव. मी येतंय उद्या.’’

दीपिका गेली. मी काही बोलायच्या आत सुगंधाच बोलली. पातेल्यात डाव फिरवत, माझ्याकडे न बघता.

‘‘ह्या वाडीतल्या सगळ्या पोरांक मी न्हाऊ घातलंय, बाई. माझ्या नातीक एकदाय नाय. तिका हात लावूक गावलो नाय माका.’’

दुसऱ्या दिवशी ती दीपिकाकडे गेली. जाताना घरातली आवेल तेलाची ती बाटली घेऊन गेली, आणि तेल खवट झालंय म्हणून तशीच परत घेऊन आली.