तात्यांनी सोडलेला डाग

टँकरचं पाणी हंड्यात ओतून मी तुरटी फिरवत होते. गाळ खाली बसायचा होता, तेवढ्यात कुंपणापलीकडून मनकर्णाबाईंची हाक आली.

"चांगुणाबाई, या जरा. मामा-भाच्याचं बिनसलंय!"

तुरटी काठावर ठेवली आणि ओल्या हातांनीच गेले.

मनकर्णाबाई म्हणजे शेजारच्या राधाकृष्णतात्यांची मंडळी. तात्या मूळचे नेवाशाकडचे, शेतकऱ्याघरचे. हात सुबक म्हणून पाटबंधारे खात्यात ट्रेसर झाले. मूळ नकाशावर पारदर्शक कागद अंथरायचा आणि खालची रेघ वर शाईनं उतरवायची, एवढंच काम. किती कालवे, किती धरणं त्यांच्या निबातून उतरली असतील. तात्यांना स्वतःला मात्र पोहता येत नाही. नोकरीला लागले तेव्हा त्यांनी नकाशावरचा चहाचा थेंबही इमानानं उतरवला होता. साहेबांनी विचारलं, "हा तलाव कुठला?" पुढं कितीतरी वर्षं कचेरीत त्याला 'राधाकृष्ण तलाव' म्हणत. तेव्हापासून तात्यांनी नेम धरला, डाग उतरवायचा नाही.

गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि हाताला काही उरलं नाही. मनकर्णाबाईंच्या पापडाच्या लाट्या ते ओळीत मांडायला बसत. वयानं त्यांना डोळ्यांनी नीट दिसेनासं झालं की काय, अशी बाईंना आतून धास्ती. तात्यांना त्याहून जास्त, पण ते बोलत नसत.

त्यात भाचा आला. गोरक्षनाथ, तात्यांच्या बहिणीचा, कॅनडात शिकतो. येताना फोटोंचा गठ्ठा घेऊन आला. मागच्याच वर्षी, बहात्तर साली, अमेरिकेनं आकाशात एक उपग्रह सोडला, तो वरून पृथ्वीचे फोटो काढतो म्हणे. फोटो ग्रीनलँडच्या किनाऱ्याचे, जिथं बर्फाचे डोंगर सरकत सरकत थेट समुद्रात उतरतात. "मामा, तुमच्यासारखा हात तिकडं मिळत नाही," म्हणून त्या फोटोंवरून नकाशे उतरवायचं काम मामाकडं दिलं. सोमवारी तो परत जायचा होता. तात्या न्हाऊन, गंध लावून कामाला बसत. असं खुललेलं मी त्यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं.

मी गेले तेव्हा कागद पलंगावर पसरलेले. गोरक्षनाथ एका कागदावर बोट ठेवून उभा. तात्या भिंतीकडं तोंड करून बसलेले.

"मामा, बर्फाची कड उतरवलीत, किनारा उतरवलात. पण समुद्रातला हा करडा पट्टा कुठंय? मला तोच हवा होता."

मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या, "त्यांना दिसला नसंल रे."

तात्या गर्रकन वळले. "न दिसायला काय झालं? दिसला, म्हणून तर सोडला! डाग उतरवत नसतात."

मी फोटो हातात घेतला. समुद्र डांबरासारखा काळा, बर्फ पांढरं फेक आणि बर्फाच्या तोंडाशी धुरासारखं काहीतरी करडं पसरलेलं.

"हा धूर कसला रे, गोरख?"

"काकू, धूर नाही, पाणी आहे. उन्हाळ्यात बर्फ वितळतं. ते पाणी भेगांतून तळाशी जातं, खडक घासत घासत बर्फाखालून वाहतं आणि समुद्राच्या आत, खोलवर बाहेर पडतं."

"मग खालचं खालीच राहायला हवं."

"गोडं पाणी हलकं, खारं जड. म्हणून ते गाळासकट उसळून वर येतं. पट्टा वाढला की समजायचं, बर्फ जास्त वितळलं."

"आन एवढं गोडं पानी खाऱ्यात सोडायचं?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "हितं आमी टँकरची वाट बघतोय, आन तिकडं ही उधळपट्टी!"

तात्यासुद्धा हसले. मी विचारलं, "उपग्रह पुन्हा तिथंच येतो का?"

"अठरा दिवसांनी."

म्हणजे रोज एक अध्याय वाचला तर गीता पुरी होते, तेवढ्यात. मी म्हटलं, "वरून सगळं बघणारा एक आहेच, त्याला फोटो लागत नाहीत."

"खरंय काकू. पण त्यानं काढलेले मला मिळत नाहीत ना."

तात्यांनी पारदर्शक कागद परत फोटोवर बसवला, भिंग लावलं, शाईत निब बुडवला आणि हात कागदावर धरून थांबले. थांबलेच. मनकर्णाबाईंनी माझा दंड धरला.

"मामा, नाही जमत तर राहू दे," गोरक्षनाथ म्हणाला. "तिकडं बघतो कोणी."

"थांब रे. याला काठच नाही. तूच दाखव, कुठं संपतंय?"

त्यानं भिंगातून पाहिलं. एकदा इथं बोट ठेवलं, एकदा तिथं. मग म्हणाला, "नक्की नाही सांगता येत."

"बरं झालं. मला वाटलं, माझेच डोळे गेले." तात्यांनी श्वास सोडला. "काठ नाही त्याला सलग रेघ ओढली तर ते खोटं. पावसाळ्यापुरता वाहणारा ओढा आम्ही तुटक रेघेनं दाखवायचो. तसं चालेल?"

"चालेल काय, तेच बरोबर होईल. आणि दाट असेल तिथं रेघा जवळ घ्या, विरळ असेल तिथं लांब."

"मला शिकवू नको!" तात्या म्हणाले, पण तसंच केलं. छोट्या छोट्या रेघा, मोत्याच्या दाण्यांसारख्या, करड्या पट्ट्यावरून पुढं पुढं सरकत गेल्या. मनकर्णाबाईंनी माझा दंड सोडला, बोटांचे वळ राहिले होते. मग त्या चहा टाकायला उठल्या.

"कप लांब ठेव," तात्या मान वर न करता म्हणाले. "दुसरा तलाव नको."

गठ्ठ्यातल्या सगळ्या कागदांवर आता पट्टा चढवायचा होता आणि दौत तळाला गेलेली. तात्यांनी चहा उभ्यानंच घेतला, टोपी घातली आणि भर उन्हात कापडबाजारातल्या दुकानातून काळ्या शाईची बाटली आणायला निघाले.