दोरीवरची अक्षरं

आमच्या गल्लीत तिला सगळे सावलीताई म्हणतात. परीक्षेच्या गाइडांवर 'हमखास यश' असं फुगीर, सोनेरी, चकाकतं लिहिलेलं असतं ना, आणि खाली काळीभोर सावली? ती सावली हिची. वर्षानुवर्षं कॉम्प्युटरपुढे बसून हिने दुसऱ्यांच्या यशाला मुलामा दिला, पण पुस्तकात हिचं नाव कुठे शोधून सापडायचं नाही. सासूबाईंना कुणी विचारलंच, तर त्या सांगायच्या, "सून दिवसभर अक्षरं फुगवते आणि संध्याकाळी तोंड."

यंदा प्रकाशकाने तिला पहिल्यांदाच कादंबरी दिली, मुखपृष्ठ करायला. नाव 'वाळत घातलेली माणसं'. सावलीताई हरखली आणि सवयीने सोनंच ओतून बसली. प्रकाशक म्हणाला, "ताई, लोक विचारतील, उत्तरं शेवटच्या पानावर आहेत का?" दुसऱ्या खेपेला तिने चांदी वापरली. तेही परत आलं.

"उद्या शेवटचं," प्रकाशकाने बजावलं. "नाही जमलं तर एखाद्या उदास बाईचा फोटो लावतो. तुम्ही तुमची गाइडं सांभाळा."

म्हणजे कादंबऱ्यांचं दार किलकिलं झालं होतं, तेही धाडकन बंद व्हायची वेळ आली.

सकाळी ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि हातात टॉवेल तसाच धरून उभी राहिली. ताणलेली दोरी, तिला लोंबणारे कपडे. आपली अक्षरं तरी दुसरं काय करतात? वरच्या रेघेला धरून लोंबतातच की. ती तडक खाली गेली आणि कात्री घेऊन बसली. चादर गेली, उशीचे अभ्रे गेले. नवरोबा ऑफिसला निघताना निळा शर्ट शोधायला लागले, तोवर शर्टाचा 'घा' झाला होता.

"अहो, तो जुनाच होता," ती म्हणाली.

"मागच्या महिन्यात घेतलाय."

"मग रंग छान येईल."

नवरोबा शहाणे. दुसरा शर्ट घालून निघून गेले.

सासूबाई मात्र कमरेवर हात ठेवून गच्चीत हजर झाल्या. दोरीवरची अक्षरं ओल्या मोज्यांसारखी लुळी पडली होती. "अगं, कापलंयस ते कापलंयस, निदान ताठ तरी कर. खळ कोण घालणार, मी?"

आणि घातली त्यांनीच. इस्त्रीही केली. मग वारा सुटला म्हणून प्रत्येक अक्षराला एकेक चिमटा लावून मोकळ्या झाल्या. झालं! दोरीच्या वर जिथे तिथे चिमटे उभे, म्हणजे जिथे तिथे मात्रा. 'वाळत'चं 'वोळेते' झालं. समोरच्या गच्चीतली बाई मोठ्याने वाचून हसायला लागली.

सावलीताई हसली नाही. ती टक लावून त्या चिमट्यांकडे बघत राहिली. "आई, सगळे काढा. फक्त 'ले'वरचा राहू दे, जरा तिरका." बाकीची अक्षरं तिने मागून सेफ्टी पिनांनी दोरीला अडकवली. 'ली'च्या वेलांटीला कपड्याच्या हँगरचा आकडा आला. 'सं'वरच्या टिंबाला सासूबाईंनीच जाड सुतळीची गाठ मारून दिली, आणि वर ऐकवलं, "घट्ट मारलीय. माझ्या जिभेसारखी सुटायची नाही."

ऊन कलतं झालं. मागच्या पांढऱ्या भिंतीवर सावल्या लांबल्या, वाऱ्याने अक्षरांची पोटं पुढे आली, आणि तिने फोटो काढला.

प्रकाशकाने तो फोटो पुढ्यात घेतला, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"सावली सुरेख पाडलीत. कुठला इफेक्ट?"

"उन्हाचा."

"आणि हा फुगवटा?"

"वाऱ्याचा."

"चमक?"

"खळीची. सासूबाईंच्या हातची."

प्रकाशकाने उदास बाईचा फोटो खणात टाकला आणि खण बंद केला. "आतल्या पानावर तुमचं नाव घालतो. मुखपृष्ठकार म्हणून. आणि पुढच्या कादंबरीची गोष्ट उद्या ऐकायला या."

"दुपारी येते," ती म्हणाली. "सकाळी गाइडवाल्यांना नाही म्हणायला जायचंय."

पुस्तक आलं तेव्हा सासूबाई तिला घेऊन दुकानाच्या काचेपाशी गेल्या. आत एक अनोळखी बाई ती प्रत हातात घेऊन अक्षरांवरून बोट फिरवत होती, कापड खरंच लागतंय का ते बघायला. सासूबाईंना कुठला धीर? दारातूनच म्हणाल्या, "कागदच आहे हो. घरी नेऊन निवांत चाचपा."

ती बाई हसली आणि पैसे द्यायला वळली. सावलीताई काचेसमोरून हलायला तयार नव्हती. सासूबाईंनी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही. त्याही तिच्याशेजारी उभ्या राहिल्या.