मूळ गावं दोन

वाराणसी स्टेशनाबाहेर पडतो न पडतो तोच एका रिक्षावाल्याने माझ्या मुलीला विचारलं, "जापान? कोरिया?" तेरा वर्षांची ईरा थांबली, कमरेत वाकली आणि म्हणाली, "जापान." त्याने खुशीत भाडं दुप्पट सांगितलं.

मी वाईची, नवरा सिक्कीममधल्या गेझिंगचा. ईराने चेहरा बाबांचा घेतला आणि बोलणं वाईचं. नव्या शाळेत मुलं 'चिंकी' म्हणून चिडवायला लागली, तेव्हापासून तिने हा उद्योग सुरू केला होता. समोरचा म्हणेल तो देश आपला म्हणायचा. तिला वाद नको असतो, आणि मला वादाशिवाय अन्न पचत नाही. मी त्या रिक्षावाल्याला भारताचा भूगोल सांगायला सुरुवात केली.

"आई, पुरे," ईरा म्हणाली. "दर वेळी तूच बोलतेस. मग मी कशाला बोलू?"

काशीला आलेला माणूस आवडीचं काहीतरी सोडून जातो म्हणतात. कुणी वांगं सोडतं, कुणी आंबा. मी तिथल्या तिथे ईरासाठी भांडणं सोडलं. वांगं सोपं गेलं असतं. पण मला या प्रवासातून एकच हवं होतं. पोरीने एकदा तरी, कुणापुढे तरी, आपलं खरं गाव ताठ मानेने सांगावं.

आमचा मुक्काम अमृतराव घाटाजवळच्या गल्लीत, शालिनीकाकूंकडे. काकू माझ्या आईच्या लांबच्या नात्यातल्या. त्यांची माणसं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आली ती इथलीच झाली. दारातच त्यांनी ईराचा मुका घेतला. "या या! गंगा चढलीय न, सगळ्या सीढ्या बुडाल्या. नाव बंद. मतलब आता घरात बसा आणि खा."

खाण्यात आम्ही कमी पडलो नाही. सकाळी कोपऱ्यावरची कचौडी-जलेबी, मग पुरव्यातला (मातीच्या पेल्यातला) चहा, आणि दुपारी काकूंची कटाची आमटी. तिच्यात मोहरीचं तेल होतं. मी चमकले, ईराने दोनदा वाढून घेतली.

संध्याकाळी मणिकर्णिकेकडे गेलो. पाणी वर आल्यामुळे चिता उंचावरच्या गच्चीवर जळत होत्या. इथे सगळे सारखेच, असं काहीतरी भारदस्त वाक्य मी मनात जुळवत होते, तेवढ्यात एक माणूस ईरावर ओरडला, "नो फोटो, मॅडम! फॉरेनर नो फोटो!" मोबाइल माझ्या हातात होता, तोही रस्ता शोधायला. ईराने निमूट मान डोलावली. मी जीभ आवरली आणि परतताना चिखलात एक चप्पल घालवून बसले.

घरी आल्यावर मी काकूंपाशी रडगाणं गायलं. त्या मोदकासाठी नारळ खवत होत्या. "मी पुण्यात लग्नाला गेले न, की तिथे मला यूपीवाली म्हणतात. इथे गल्लीत सगळे मराठिन म्हणतात."

"मग तुम्ही काय करता?"

"मी? दोन्हीकडे पोटभर जेवून येते."

ईरा पोट धरून हसली. मला मात्र त्या जेवणामागचा राग दिसला, कारण खवणीवर त्यांचा हात जोरात चालला होता.

दुसऱ्या दिवशी गौरी जेवल्यावर तिथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये हळदीकुंकू होतं आणि नंतर फुगडी. जी आधी 'पुरे' म्हणेल ती हरली, एवढाच नियम. केतकी नावाची कॉलेजातली मुलगी एकेकीला गारद करत होती. ईरा भिंतीशी उभी होती. तिच्याकडे बघून केतकी म्हणाली, "ट्राय करोगी? सिखा दूँगी."

"येते मला," ईरा म्हणाली.

येणारच. दर गौरीला वाईच्या अंगणात माझ्या बहिणींनी तिला घुमवली होती. तिने ओढणी कमरेला खोचली, हातांचा तिढा घातला, टाचा जुळवल्या आणि अंग मागे झोकून दिलं. हॉल फिरू लागला. केतकीचा गजरा उडाला, बायका टाळ्या पिटत उभ्या राहिल्या. शेवटी केतकीच ओरडली, "पुरे, पुरे, गिर जाऊँगी!"

काकूंनी ईराला माइकपुढे ओढलं. "नाव सांग बाळा, आणि मूळ गाव."

मराठी माणूस चंद्रावर भेटला तरी आधी मूळ गाव विचारील. मघापासून सगळ्या बायका जन्मात न पाहिलेली कोकणातली गावं छाती फुगवून सांगत होत्या. माझी जीभ शिवशिवायला लागली. तोंडात बनारसी पान होतं, ही त्या विश्वेश्वराचीच कृपा.

ईरा धापा टाकत होती. "ईरा. मूळ गावं दोन आहेत. वाई आणि गेझिंग."

"गेझिंग म्हणजे चीनमध्ये का गं?" एक बाई म्हणाल्या.

"सिक्कीममध्ये. भारतात. चीनला मी कधी गेले नाही, आणि जपानलाही नाही."

हशा पिकला. पण बाई हटेनात. "बरं, पण त्यातलं खरं कोणतं?"

ईराने लाल झालेले दोन्ही तळवे त्यांच्यापुढे धरले. "फुगडीला दोन्ही हात लागतात, काकू."

जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो खालच्या गंगेलाही ऐकू गेला असेल. त्याच बाईंनी उठून ईराच्या हातात नारळ दिला आणि आपल्या नातीला फुगडी शिकवशील का, असं विचारलं. मी पानासकट रडले. शालिनीकाकू माझ्याहून जास्त रडल्या.

इतकी वर्षं मला वाटायचं, लोक पोरीवर चुकीची चिठ्ठी चिकटवतात, ती फाडून आपण बरोबर चिठ्ठी चिकटवावी. पण चिकटवणारी मी कोण? आई झाले म्हणून काय झालं? तिचं गाव तिने सांगायचं. ऐकणाऱ्यांच्या गर्दीत पुढची जागा मिळाली तरी माझं भाग्य.

परतीच्या गाडीत समोरच्या काकांनी ईराकडे एकदा पाहिलं आणि मला विचारलं, "ये बच्ची कहाँ की है?"

"उसी से पूछिए," मी म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

ईराने पाय वर घेऊन मांडी ठोकली आणि सुरुवात केली. कृष्णेचा घाट झाला, ढोल्या गणपती झाला, मावश्या झाल्या. प्रयागराज आलं तरी तिचं वाईच संपलं नव्हतं, गेझिंग अजून पूर्ण बाकी होतं.