खडू माझा, फडकं तुमचं

प्रत्येक शिक्षकानं आपला पराभव चारचौघांत लिहून लावावा, असं मानणारी व्यक्ती अख्ख्या रायपुरात एकच होती, आणि दुर्दैवानं ती माझी मावशी होती. गुढियारीतल्या मुलींच्या शाळेत ती विज्ञान शिकवी. एम.एस्सी. होऊन मी वर्षभरासाठी तिथेच शिकवायला लागले, तेव्हा फाटकाजवळचा सुविचाराचा फळा तिनं केव्हाच बळकावलेला होता. त्यावर थोरांची वचनं नसत. तिथे लिहिलेलं असे, 'आज का पाठ बिगड़ा. कारण : मैं.' खाली सही. छडीविना विज्ञान येत नाही, हे तिचं जुनं मत याच फळ्यावर लिहितालिहिता झिजलं. एकदा तिनं लिहिलं, की आज छडी घरी विसरले आणि मुलींनी पहिल्यांदाच प्रश्न विचारले. तेव्हापासून ती छडी वर्गाच्या खिडकीला टेकू म्हणून लागली. "मावशी, एका दिवसावरून निष्कर्ष काढत नाहीत," मी बजावलं. "मंग उद्या पुन्हा विसरतो," ती म्हणाली.

राज्य नवं, राजधानी नवी, शिक्षण खात्याचे साहेबही नवे. मुख्याध्यापिकेच्या पदासाठी मावशीचं नाव निघालं होतं आणि साहेब तिला पाहायला येणार होते. नेमकं आदल्या दिवशी तिनं ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती पेटवून वर पेला उपडा घातला. प्राणवायू जळून संपतो म्हणून पाणी आत चढतं, असं ती वर्षानुवर्षं सांगत आली होती. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "दीदी, पानी तो बुझने के बाद चढ़ा."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाजवळच्या फळ्यावर ठळक अक्षरं होती : हा प्रयोग मी आजवर चुकीचा समजावला, खरं कारण आज वर्गात शोधू.

निवृत्तीला आलेले मुख्याध्यापक धावत आले. "दीदी, साहब क्या सोचेंगे? मिटाइए इसे!"

"मी नाही पुसत. पुसाचं असन तर तुम्ही पुसा. खडू माझा, फडकं तुमचं."

फडकं त्यांच्या हातातच राहिलं. साहेबांनी फळा वाचला आणि चहा न घेताच ते गेले. तापलेली हवा थंड होऊन आकसते, हे मुलींनी दुपारपर्यंत शोधलं. पद मात्र दुसऱ्या कुणाला मिळालं. मी संतापले, तर मलाच म्हणाली, "काहून तोंड पाडून राहिली? पोट्टीनं बरोबर पाहिलं होतं. तिच्यासमोर पुसू काय?"

आता मी महाविद्यालयात शिकवते. फोनवर माझी यशं ती 'हव, हव' करत ऐकते आणि शेवटी विचारते, "अन् फसलं काय?" परवा मी खरं सांगितलं. "फळ्यावर लिहून ठेव. मी येऊन वाचतो," ती म्हणाली. गुडघ्यांमुळे ती हल्ली गल्लीच्या टोकापर्यंतही जात नाही. तरी मी लिहिलं, आणि संध्याकाळपर्यंत कुणाला पुसू दिलं नाही.